मदत हवी आहे : अवकाळी पावसानंतर परसातील रोपे माना टाकत आहेत

पाटाकाठी : गेल्या आठवड्यात तीन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि नंतर कडक ऊन पडताच परसातील रोपे एकामागून एक माना टाकू लागली. आईने पौषात स्वतःच्या हाताने लावलेली रोपे आहेत आणि शिमग्याची पालखी घरी येण्यापूर्वी ती सावरावीत अशी तळमळ आहे. कोणते औषध फवारावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

कातळफूल : रोपे कशाची, हे आपण लिहिलेलेच नाही. पाने आधी पिवळी पडली की हिरवी असतानाच झुकली? पाणी कसे देता? गाव कोणत्या भागात आहे?

आगरातला : एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. शंभर लिटर पाण्यासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे आणि विळ्याचे पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना वाढवावा. सुपारीची फळे सडवून गाळणारा कोळेरोग मी वर्षानुवर्षे यावरच रोखला आहे.

पाटाकाठी : क्षमस्व. वांगी आणि टोमॅटो आहेत. गुहागर तालुका, जांभी माती, विहिरीचे पाणी पाटाने देतो. पाने हिरवीच राहतात. रोप सकाळी ताजे दिसते, दुपारी झुकते आणि चार दिवसांत उभे वाळते. अकरा रोपे गेली. शेजारच्या लाल माठाच्या भाजीला मात्र काहीही झालेले नाही.

मोहोर : याच पावसाने आमच्या हापूसचा मोहोर करप्याने काळा पडला. पाऊस थांबताच फांद्या हलवून मोहोरावरचे पाणी झटकायला हवे होते, हे आता कळून काय उपयोग! आपल्याकडे कलमे असतील, तर ती आधी पाहावीत.

कातळफूल : कलमांचा विषय स्वतंत्र आहे. हिरव्या पानांनिशी रोप कोलमडते आणि वांगी-टोमॅटोच तेवढी मरतात, यावरून मला जिवाणूजन्य मर रोगाची शंका येते. नुकत्याच झुकलेल्या रोपाचा खोडाचा तुकडा जमिनीलगत कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात लटकता धरावा. काही मिनिटांत कापातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले, तर निदान निश्चित समजावे.

आगरातला : बोर्डो बुंध्याशी ओतले, तर जिवाणूही मरतील. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

कातळफूल : आपल्या अनुभवाचा आदर आहे, परंतु कोळेरोगात फळावर आधीच थर बसवून बुरशीसदृश रोगकारकाला बाहेर अडवायचे असते. येथे जिवाणू मुळांच्या जखमांतून शिरून खोडातील पाणी वाहणाऱ्या नळ्यांत साचलेले असतात. तिथपर्यंत बोर्डो पोहोचत नाही आणि लागण झालेले रोप त्याने वाचत नाही.

नारळवाडी : माडाला मात्र मीठ घालण्यास विसरू नये.

पाटाकाठी : पेल्यात पांढरे धागे स्पष्ट उतरले. आणखी एक गोष्ट लक्षात आली : मेलेली रोपे पाटाच्या उतारानेच एकामागोमाग गेली आहेत. खालची नऊ अजून उभी आहेत.

कातळफूल : मग त्या नऊ रोपांना पाटाचे पाणी आजच बंद करावे आणि झारीने वेगळे पाणी द्यावे. मेलेली रोपे मुळांसकट उपटून परसाबाहेर जाळावीत, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. कुदळ आणि विळा धुऊन मगच दुसऱ्या वाफ्यात न्यावा. त्या वाफ्यात काही हंगाम वांगी, टोमॅटो, मिरची लावू नये. भेंडी, चवळी, पडवळ चालेल. पुढे टोमॅटो लावायचाच असेल, तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा या मर रोगाला प्रतिकारक वाण आहे.

पाटाकाठी : रोपे उपटताना आईला फार वाईट वाटले, पण आता वरच्या वाफ्यात भेंडी टोकली आहे. झारीने पाणी घालण्याचे काम तिनेच अंगावर घेतले आहे.