समुद्री सूक्ष्मजीवांवर पीएचडी: गोवा की जर्मनी?

दर्यागंध: जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी संशोधनवृत्ती) निघाली म्हणून गोव्यात अडकू नका. समुद्री सूक्ष्मजीव आणि हवामानबदल यांवर खरं काम जर्मनीत, ब्रेमेन-कीललाच होतं.

खाडीकाठ: हे वाचून राहवलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळपास संपतो. तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात, त्यात नायट्रस ऑक्साइड तयार होतो. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा वायू! खुल्या समुद्रात असे मोठे पट्टे तीनच, उरलेले दोन पॅसिफिकात. रोझेट (खोलवरचं पाणी भरून आणणारी बाटल्यांची चौकट) वर आली की पहिला नमुना प्राणवायूचा, बाटलीत बुडबुडा जाऊ न देता. विंकलरची, म्हणजे पाण्यातला प्राणवायू दाखवणारी, रसायनं घातली की वरच्या पाण्यात तपकिरी साका बसतो, या पट्ट्यातल्या पाण्यात पांढराच राहतो. ते डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याला प्रश्नच वेगळे पडतात.

दर्यागंध: साका बघून जिवाणूंची शरीरक्रिया कळत नाही. एवढ्या कमी प्राणवायूत श्वसन मोजायला नॅनोमोलर, म्हणजे अतिसूक्ष्म पातळीचा सेन्सर लागतो. तो डेन्मार्कात, आरहूसला तयार झाला, गोव्यात दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत नव्हे.

किनारेवाली: सेन्सरचं राहू द्या. २०२३ पासून जेआरएफ ३७ हजार, ती कागदावर. आमच्या विद्यापीठात दिवाळीची रक्कम शिमग्याला पडायची. खोलीचं भाडं भावाने भरलं, फिल्टर पेपर माझ्या खिशातून. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही.

निवृत्त_मास्तर: आमच्या वेळी याहून कमी मिळायचं. पैसा हवा त्यांनी बँकेत जावं.

किनारेवाली: सर, तुमच्या वेळचं भाडंही सांगा की! बँकेत जा म्हणता म्हणूनच चांगली मुलं खरंच जातात.

दर्यागंध: बघा. जर्मनीत पीएचडीवाला बहुतेक वेळा करारावर नोकरीला असतो, पगार महिन्याच्या महिन्याला.

खाडीकाठ: पगाराचं मान्य, करावंच लागेल. पण करार बहुधा तीन वर्षांचा, मग मुदतवाढीसाठी धावाधाव, त्याचं काय? आणि सेन्सर विकत आणता येतो, समुद्र नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यातल्या कांदोळीसमोरच्या उथळ पाण्यातही तळाचा प्राणवायू संपतो. तिथे होडीने जाता येतं.

निवृत्त_मास्तर: पैसे वेळेवर मिळावेत, एवढं बरोबर. पण हे रडगाणं...

किनारेवाली: रडगाणं? माझ्यानंतरच्या मुलीने त्याच लॅबमध्ये अर्ध्यात पीएचडी सोडली. तिचे नमुने अजून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये पडून आहेत.