मदत हवी आहे: युगांडाला जाणाऱ्या तरुण गटाची तयारी कशी करावी?

जय ख्रिस्त. आमच्या कोल्हापूरच्या मंडळीतली तरुण पोरं-पोरी डिसेंबरमध्ये युगांडातल्या एका शाळेत सेवेला निघालीत. पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर आपल्याकडेही विमानतळावर अडवतात. ही लस कोल्हापूरहून जवळ कुठल्या केंद्रावर मिळेल?

खरी काळजी मनाच्या तयारीची आहे. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथं कोल्हापुरात मिशनकार्याला आले, तेव्हा यजमान आपण होतो. आता पाहुणे आपण. तिथल्या पाळकसाहेबांचं ऐकून त्यांच्या हाताखाली काम करायला पोरांना कसं शिकवावं? लहान मुलांचे फोटो काढत सुटू नये, परस्पर पैसे वाटू नयेत, हे कसं पटवावं? असा गट कुणी नेला असेल तर कृपया सविस्तर लिहा.