वडिलांच्या डिस्चार्ज बुकात 1971 ची मेडल्स नाहीत. नोंद कशी करून घ्यावी?

कृष्णाकाठ_77

नमस्कार. वडील (वय 77) पायदळात होते. भरती 1966, हवालदार म्हणून डिस्चार्ज 1981, पेन्शन चालू आहे. डिस्चार्ज बुकाच्या मेडलच्या रकान्यात दोनच नोंदी आहेत: स्वातंत्र्याच्या 25व्या वर्धापन दिनाचं मेडल आणि 9 वर्षं दीर्घ सेवा मेडल. डिसेंबर 1971 मध्ये ते पूर्व आघाडीवर होते, पण तेव्हा मूळ पलटणीत नव्हते, दुसऱ्या युनिटला अटॅच होते.

संग्राम मेडल प्रत्यक्षात घरात आहे, बुकात मात्र नाही. ‘पूर्वी स्टार’ (1971 मध्ये पूर्व आघाडीवर असलेल्यांचं मेडल) बुकातही नाही आणि घरातही नाही. त्यांच्या बरोबरीच्या काहींच्या छातीवर रक्षा मेडल आणि 20 वर्षं सेवेचं मेडलही दिसतं, म्हणून एकूण चार मेडल्स मागणारा साधा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांचे सेवेचे कागद ठेवणारं कार्यालय) केला होता. ‘नोंद आढळत नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं. आता नेमकं काय मागायचं, कुणाकडे, आणि सोबत काय जोडायचं?

---

शीटरोल

आधी यादीतली दोन नावं खोडा. रक्षा मेडल 1965 च्या लढाईच्या वेळी जे सेवेत होते त्यांचं. वडिलांची भरती 1966 ची, त्यामुळे ते लागूच होत नाही. 20 वर्षांचं मेडल 15 वर्षं सेवेला मिळत नाही. बरोबरीचे म्हणजे बहुधा दोन-तीन वर्षं आधी भरती झालेले आणि जास्त काळ राहिलेले असतील. न लागणारी मेडल्स मागितली की टेबलावरचा क्लार्क अख्खा अर्ज ‘माहिती नसलेल्याचा’ म्हणून वाचतो, आणि खरी मागणीही त्यातच बुडते.

आता मुद्द्याचं. मेडलच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात: हक्क बसणं, नोंद होणं आणि मेडल हातात पडणं. नोंद रेकॉर्ड ऑफिस आपणहून करत नाही. युनिट पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या नोंदीतल्या बदलाचा लेखी आदेश) काढतं, ती रेकॉर्डला जाते, त्यावरून शीट रोलमध्ये (सैनिकाच्या सेवेचा मूळ नोंदकागद) नोंद होते आणि डिस्चार्जच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. साखळीतली कुठली कडी तुटली हे कळल्याशिवाय अर्ज करणं म्हणजे अंधारात गोळी.

तुमच्याकडे संग्राम आहे पण नोंद नाही, म्हणजे युनिटने यादी पाठवली होती आणि मेडलही आलं होतं. तिथे शेवटची कडी तुटली असण्याची शक्यता जास्त. पूर्वी स्टारचं उलट आहे. अटॅचमेंटमुळे मूळ पलटणीला वाटतं ‘तिकडचे पाठवतील’, तिकडच्यांना वाटतं ‘माणूस त्यांचा आहे’, आणि नाव कुठल्याच नॉमिनल रोलमध्ये (युनिटने पाठवलेल्या नावांच्या यादीत) येत नाही. 1971 च्या मेडल्समध्ये ही चूक फार सापडते. दुसरी तशीच: मेडलची ऑर्डर निघायच्या आधीच माणूस बदलून गेला किंवा घरी आला.

म्हणून पहिला अर्ज ‘मेडल द्या’ असा नको. त्यात तीनच गोष्टी मागा:

1. शीट रोलच्या मेडलच्या पानाची साक्षांकित प्रत.
2. नोव्हेंबर 1971 ते 1973 अखेर या नंबरवर निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरींची यादी, नंबर आणि तारखेसह.
3. अटॅचमेंट कधी सुरू झाली, कधी संपली, कुठल्या युनिटला, ती नोंद.

अर्ज वडिलांच्या नावाने आणि त्यांच्याच सहीचा. वर आर्मी नंबर, हुद्दा, नाव, ट्रेड, शेवटचं युनिट, भरती आणि डिस्चार्जच्या तारखा, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स (फक्त मेडलचं पान नको), पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र. हिंदीत लिहिलंत तरी चालतं. स्पीड पोस्टने पाठवा आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला देऊन त्यांच्या पत्रासह पुढे पाठवायला सांगा. त्यांच्या जावक क्रमांकाने गेलेलं पत्र सहसा पडून राहत नाही.

पत्ता नीट बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला (मध्य प्रदेश), गार्ड्सचं कामठीला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, चिलखती दळाचं अहिल्यानगरला. काही पायदळ पलटणी 1979 नंतर मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत गेल्या. अशा पलटणीत असाल तर कागद रेजिमेंटच्या सेंटरला नाही, अहिल्यानगरला शोधावे लागतात.

---

तांब्याची_कडा

वरचं सगळं बरोबर, एक भर घालतो. घरातलं संग्राम मेडल आधी भिंगाखाली धरा. आपल्या मेडल्सच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. तो नंबर वडिलांचा असेल तर तो मोठा पुरावा. कडेचे तीन-चार फोटो तिरप्या उजेडात काढा, सगळी अक्षरं दिसायला हवीत. ब्रासो लावून घासू नका, उथळ ठोकलेली अक्षरं आणखी पुसट होतात.

कडा कोरी असेल तर ते बाजारातलं असू शकतं. परेडला घालायला विकत घेतलेली मेडल्स कितीही हुबेहूब असली तरी नोंदीच्या कामात त्यांची किंमत शून्य.

आणि डिस्चार्ज बुकात स्वतः काहीही लिहू नका, गावातल्या कुणा जाणकाराकडूनही नाही. वेगळ्या शाईची एक ओळ दिसली की अख्ख्या बुकावर संशय येतो. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसच करतं, त्यांच्या सही-शिक्क्याने. मूळ बुक मागितलं तर पोस्टात टाकण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करून ठेवा.

---

कृष्णाकाठ_77

दोघांचेही आभार. कडेवर नंबर जुळतोय. पण नाव ‘पोवार’ आहे आणि पीपीओवर ‘पवार’. हे आड येईल का? आणि पूर्वी स्टारसाठी अटॅचमेंटचा कागद रेकॉर्डकडे नसेलच तर दुसरं काय चालतं?

---

शीटरोल

आडनावाचं फार मनावर घेऊ नका. आर्मी नंबर ही ओळख, नाव त्याच्या मागे. कोल्हापूर-सांगलीकडे पोवार, पवार, पोवर ही गडबड घरटी आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र सोबत लावा, बस. मात्र ‘नाव दुरुस्त करा’ ही मागणी त्याच अर्जात घालू नका. दोन कामं दोन टेबलांवर जातात आणि दोन्ही एकमेकांची वाट बघत राहतात. नावाचा अर्ज वेगळा आणि तातडीचा, कारण उद्या कुटुंब पेन्शनच्या वेळी तोच फरक आईला नडेल.

पूर्वी स्टारसाठी सिद्ध करायचं ते एवढंच: डिसेंबर 1971 मधल्या त्या दिवसांत हा माणूस त्या आघाडीवरच्या युनिटच्या पटावर (स्ट्रेंथवर) होता. ‘लढाईत होता’ हे सिद्ध करण्याच्या नादात पानं भरू नका. कागद वजनाच्या क्रमाने असे:

मूव्हमेंट ऑर्डर, पे बुकातल्या नोंदी, फील्ड हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, रजेचा दाखला. यातला एकही तारखेसह मिळाला तर काम निम्मं झालं.

मग घरी आलेली पत्रं. आईच्या ट्रंकेत जुनी आंतर्देशीय पत्रं असतील तर बघा. ‘मार्फत 99 एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) हा साधारणपणे पूर्वेकडचा पत्ता, ‘56 एपीओ’ बाकीचा. त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि तारीख असते. एकट्या पत्रावर मेडल मिळणार नाही, पण बाकी कागदांना ते चांगला टेकू देतं.

शेवटी सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं. तीही त्या अटॅच युनिटमधल्याच लोकांची, त्यांच्या नंबरसह, आणि त्यांच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टारची नोंद असेल तर त्या पानाची प्रत जोडून. ‘आम्ही एकत्र होतो’ एवढ्याच मजकुराच्या स्टॅम्प पेपरला कुणी विचारत नाही.

संग्राम मेडलची व्याप्ती पूर्वी स्टारपेक्षा मोठी आहे. म्हणून ‘संग्राम आहे म्हणजे पूर्वी स्टार हवाच’ हा युक्तिवाद टिकत नाही. पश्चिमेकडे असलेल्यांना पश्चिमी स्टार, आणि कित्येकांना नुसतं संग्राम.

जाता जाता: जम्मू-काश्मीर, नेफा (आताचा अरुणाचल प्रदेश) किंवा हिमालयाच्या भागात त्यांची एकूण एक वर्ष सेवा झाली असेल तर सैन्य सेवा मेडल क्लास्पसह (मेडलच्या रिबनवरची, भागाचं नाव असलेली धातूची पट्टी) लागतं. सेवा सलगच हवी असं नाही. यादीतून दोन खोडली, एक कदाचित मिळेल.

---

दहा_रुपयांची_पोस्टल_ऑर्डर

पत्राला उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार वापरा, पण नीट. भूदल या कायद्यातून वगळलेलं नाही. (बीएसएफ आणि आसाम रायफल्स दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तिथे हा रस्ता जवळपास बंद.) ऑनलाइन पोर्टलवर भारतीय सेना निवडा, फी 10 रुपये, मजकूर 500 शब्दांच्या आत. अर्जदार म्हणून वडिलांचंच नाव घाला. मुलाने केलेला अर्ज त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला जातो, आणि ती चूक कळेपर्यंत महिना गेलेला असतो.

‘मेडल का दिलं नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा: वर दिलेल्या तीन गोष्टी, तशाच. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, तेही फुकट. ‘नोंद उपलब्ध नाही’ असं आलं तर अपिलात विचारा: कागद नष्ट केले असतील तर कुठल्या तारखेला, कुठल्या आदेशाने? बरेचदा या प्रश्नानंतर फाइल सापडते.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ हा शेवटचा रस्ता. तिथे जाण्याआधी लेखी निवेदन देऊन नकार यावा लागतो किंवा सहा महिने उत्तराविना जावे लागतात. नकार आला असेल तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत जावं लागतं. नुसत्या मोहीम मेडलसाठी एवढा खटाटोप करावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

---

कोयना_बॅकवॉटर

पैशाच्या बाजूने थोडं, कारण हा धागा वाचून बरेच जण विचारतील. संग्राम, पूर्वी स्टार, दीर्घ सेवा, वर्धापन दिन यांना मासिक भत्ता नाही. शौर्य पदकांना आहे. 1 ऑगस्ट 2017 पासूनचे दर: परमवीर चक्र 20,000, अशोक चक्र 12,000, महावीर चक्र 10,000, कीर्ती चक्र 9,000, वीर चक्र 7,000, शौर्य चक्र 6,000, सेना मेडल (शौर्य) 2,000 रुपये दरमहा. मेन्शन इन डिस्पॅचेसला (कामगिरीचा अधिकृत उल्लेख) भत्ता नाही.

तिथे नोंद चुकली तर थेट खिशाला चाट. सर्वांत जास्त घोळ सेना मेडलचा. शौर्याचं आणि विशिष्ट सेवेचं असे दोन प्रकार कागदावर 1999 पासून वेगळे झाले. त्याआधीच्यांच्या पीपीओवर नुसतं ‘सेना मेडल’ असतं आणि बँकेला किंवा स्पर्शला (संरक्षण पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) ते कुठलं हे कळत नाही. तिथे प्रशस्तिपत्राचा मजकूर लागतो. तो आणि भारताच्या राजपत्रातली राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना (भाग 1, विभाग 1) मिळवा, रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डर काढून घ्या, मग प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून कॉरिजेंडम (दुरुस्तीचा) पीपीओ. हा क्रम उलटा केलात, म्हणजे आधी बँकेत किंवा स्पर्शवर तक्रार टाकलीत, तर ‘रेकॉर्ड ऑफिसकडून प्रस्ताव आला नाही’ म्हणून ती बंद होते.

राज्य सरकारची शौर्य पदकाची रक्कम वेगळी, ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. केंद्राचा भत्ता मिळतो म्हणून ती आपोआप येत नाही.

---

दिघंची_रोड

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. चुलते 1961 च्या गोवा कारवाईत होते, पेन्शन न घेता 1967 मध्ये सुटले, आता हयात नाहीत. मेडलची नोंद मिळेल का?

---

शीटरोल

अर्ज आधी पत्नीचा, त्या नसतील तर मुलांचा. पुतण्याचा चालणार नाही. मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा कागद जोडा.

अडचण दुसरीच आहे. पेन्शन नसलेल्यांचे सेवेचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात, नियमच तसा आहे. पेन्शनरांचे जास्त काळ ठेवतात. तुमच्या चुलत्यांची फाइल बहुतेक उरलेली नसेल, पण लॉन्ग रोल (भरती-डिस्चार्जच्या नोंदींची वही) कायम ठेवतात. म्हणून अर्जात ‘सेवेचे कागद’ असं मोघम न लिहिता ‘लॉन्ग रोलचा उतारा’ असं लिहा, नाहीतर ‘नष्ट’ असं उत्तर येऊन विषय संपतो.

गोव्यासाठी वेगळं मेडल नव्हतं. जनरल सर्व्हिस मेडल 1947 ला ‘गोवा 1961’ हा क्लास्प होता. तो मिळवायला त्या कारवाईतल्या युनिटमध्ये असल्याचा पुरावा लागेल आणि लॉन्ग रोलमध्ये तो सहसा नसतो. मात्र भरती आणि डिस्चार्जच्या तारखा तिथून हाती आल्या की 1965 मध्ये ते सेवेत होते हे कागदावर येतं. रक्षा मेडलचा अर्ज त्याच उताऱ्यावर करता येईल.