खोनोमाला जायचंय: तिथे काय विचारावं, काय विचारू नये?

मंडळी, मदत हवी आहे. नोव्हेंबरअखेर आम्ही सहा जण (त्यात माझे सत्तरीचे बाबा) नागालँडला निघालोय. हॉर्नबिल उत्सव १ डिसेंबरला किसामात सुरू होतो, त्याआधी दोन रात्री कोहिमाजवळच्या खोनोमा गावात राहायचा विचार आहे.

हे अंगामी नागांचं गाव. १८७९ मध्ये इथले लोक इंग्रजांशी लढले. पुढे भारतापासून वेगळं होण्यासाठी उभ्या राहिलेल्या नागा चळवळीचे नेते फिझो इथलेच, आणि त्यांच्याशी मतभेद झालेले त्याच चळवळीतले टी. साखरीही इथलेच. १९५६ मध्ये साखरींची हत्या झाली. म्हणजे जखम बाहेरच्यांनी केलेली तर आहेच, पण घरातलीही आहे. त्याच गावाने १९९८ मध्ये शिकार बंद करून ट्रॅगोपान पक्ष्यासाठी जंगल राखलं, आणि आता घरोघरी पाहुणे उतरवतात. मला पक्ष्यांपेक्षा याचंच जास्त कुतूहल आहे.

अडचण अशी की बाबा सैन्यातून निवृत्त झालेत आणि गप्पिष्ट आहेत. जेवताना ते आपल्या सैन्यातल्या नोकरीबद्दल सहज बोलून जातील. यजमानांना ते खुपेल का? की आधीच सांगून टाकावं? बाबांना गप्प बसवणं माझ्याच्याने होणार नाही, हे आधीच कबूल करते!

दुसरं, खोली आणि वाटाड्या गावाच्या समितीमार्फत ठरवता येतात का? पैसे मधल्या एजंटाकडे न जाता गावात राहावेत असं वाटतं. इनर लाइन परमिटचं (नागालँडमध्ये जायला लागणाऱ्या परवान्याचं) मी बघतेय. कुणी राहून आलं असेल तर जरूर लिहा.