नदीत उतरायच्या बुटांना स्टड (तळाला बसवायचे धातूचे खिळे) लावायचेत, सल्ला हवाय

गारपाणी:
नमस्कार मंडळी. मी बाल्टिमोरजवळ राहतो, दोन वर्षं झाली ट्राउट माशाच्या मागे लागलोय, बहुतेक वेळा गनपावडर फॉल्स नदीवरच जातो, प्रेटीबॉय धरणाच्या खालच्या भागात. धरणाच्या तळाचं पाणी सोडतात त्यामुळे ऐन जुलैतही पाणी इतकं गार की वेडर्स (पाणी न शिरणारी उंच विजार) घालून पण पोटऱ्या बधिर होतात. गेल्या शनिवारी मेसमोर रोडच्या पुलाच्या वर मांडीभर पाण्यात उभा होतो, मासा लागला, एक पाऊल मागे टाकलं आणि पाय असा काही सरकला की सरळ बसलोच पाण्यात. कोपर फुटलं, रॉडचं टोक मोडलं, वेडर्सला पट्टा होता म्हणून आत पाणी कमी शिरलं. बूट रबरी तळाचे आहेत, वाळूत आणि काठावरच्या चिखलात एकदम मस्त, पण शेवाळलेल्या गोट्यावर पाय पडला की साबणावर उभं राहिल्यासारखं वाटतं. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळाचे बूट घ्या असं कृपया सांगू नका, मेरीलँडमध्ये 2011 पासून बंदी आहे. तर स्टड कुठले घ्यायचे, एका बुटाला किती, कुठे लावायचे, आणि तळाला भोक पडून बूट वाया जाईल का? बायकोने सांगितलंय की हे झाल्याशिवाय परत पाण्यात उतरायचं नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

नदीकाठची:
कोपर कसंय आता? मी न्यू जर्सीत, रॅरिटन नदीच्या साउथ ब्रँचवर जाते, केन लॉकवुड गॉर्जमध्ये, तिथे तर मोठमोठे धोंडे आणि मधल्या फटी, पाय गेला की अडकलाच. टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे स्टड घ्या, डोळे मिटून. महाग पडतात पण ते टोक दगडावर घासून झिजत नाही, माझे तिसऱ्या सीझनला पण चालू आहेत. दुसरा प्रकार ॲल्युमिनियमचा, पट्ट्या किंवा चकत्या मिळतात. तो धातू मऊ, त्यामुळे खडबडीत दगडाचे कंगोरे त्यात रुततात आणि पाय धरून राहतो. गुळगुळीत मोठ्या खडकावर मला तर ॲल्युमिनियम जास्त आवडलं, पण झिजतं लवकर आणि बूट जड होतो. गनपावडरला गोटे आहेत म्हणता, मग कार्बाइडच. आणि बूट कुठल्या कंपनीचा ते आधी बघा, काहींच्या तळाला स्टडसाठी जागा तयार असते, तिथे त्यांचेच बसतात.

सुतारपक्षी:
लावायचे कसे ते मी सांगतो, चार जोड्या केल्यात हाताने. कार्बाइड परवडत नसतील तर हार्डवेअरच्या दुकानातले षटकोनी डोक्याचे पत्र्याचे स्क्रू, 8 नंबर, तीन सुताचे, म्हणजे 3/8 इंची. अर्धा इंची घेऊ नका, बऱ्याच बुटांत ते आरपार जातात. डोक्याच्या कडा दगडावर घासून गोल झाल्या की पकड गेली, मग बदलायचे, डबाभर स्क्रूला फार पैसे पडत नाहीत.

लहानपणी आमच्याकडे बैलांना पत्री मारायला माणूस यायचा. बैलाला आडवा पाडून पाय बांधायचे आणि तो खुरावर बोट फिरवत बसायचा, किती वेळ ते विचारू नका, वडील म्हणायचे मार की आता, तो म्हणायचा खालचं जिवंत कुठपर्यंत आलंय ते कळल्याशिवाय खिळा लावायचा नाही. बुटाचं अगदी तेच. आधी आतला सोल काढा, लगच्या (तळावरच्या रबरी उंचवट्याच्या) मधोमध एकच स्क्रू बसवा, मग हात आत घालून बोटांनी चाचपा, टोक लागतंय का, फुगवटा आलाय का. लागलं तर आखूड स्क्रू आणा. नाही लागलं तर बाकीचे. स्क्रू लगच्या जाड रबरातच घालायचा, दोन लगच्या मधल्या खाचेत तळ पातळ असतो, तिथे अजिबात नाही. ड्रिल अगदी हळू फिरवायचं, जोरात फिरवलं की रबर तापून भोक सैल होतं आणि स्क्रू पहिल्याच दिवशी नदीत. शेवटचे दोन आटे हाताने पिळा. मी आट्यांना थोडं ॲक्वासील (पाण्यात न सुटणारा गोंद) लावून रात्रभर ठेवतो, मग हलत नाहीत.

जागा म्हणाल तर चवड्याच्या कडेने आणि टाचेच्या कडेने. आपण घसरतो ते पाय तिरका पडल्यावर, तेव्हा वजन कडेवरच येतं. एका बुटाला 10 ते 14 पुरे. सगळा तळ खिळ्यांनी भरलात तर रबर दगडाला टेकतच नाही आणि असलेली पकड पण जाते. मधल्या कमानीखाली नको.

पाणकोंबडा:
वरचं सगळं मान्य पण दोन गोष्टी कोणी बोललं नाही. स्टड ओल्या शेवाळावर धरतात, कोरड्या सपाट खडकावर मात्र धातूच घसरतो, काठावर चढताना मी एकदा आपटलोय. आणि कोणाच्या बोटीतून जाणार असाल तर आधी विचारा, बोटीचा तळ खरवडला जातो म्हणून बरेच गाइड स्टडवाल्याला चढूच देत नाहीत. मी तेवढ्यासाठी साध्या रबराची जुनी जोडी ठेवलीय. संथ उथळ पाण्यात स्टडचा आवाज होतो, तिथे पाऊल हळू टाका. हातात काठी घ्या हो, स्टड असले तरी घ्या. आधी काठी टेकायची, मग पाय.

नदीकाठची:
काठीला +1. आणि गारपाणी, फेल्टवर बंदी आली ती कशामुळे ते ध्यानात ठेवा, तुमच्याच नदीत 2008 मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं होतं, ते दगडावर राखाडी लोकरीसारखं पसरतं. फेल्ट दिवसेंदिवस ओला राहतो आणि त्यातून ते पुढच्या नदीत जातं. रबर लवकर वाळतं, पण स्टडच्या डोक्याभोवती शेवाळ अडकतंच, म्हणून 5 टक्के मिठाच्या पाण्यात ब्रशने घासा आणि पूर्ण वाळवा. मी हे एकदाही चुकवत नाही.

पुणेरीगळ:
मी मार्चमध्ये तीर्थन नदीवर जातोय, हिमाचलमध्ये ट्राउटची बंदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असते, ती उठल्यावर लगेच. जुने ट्रेकिंगचे बूट आहेत, त्यांना हे स्क्रू चालतील का?

सुतारपक्षी:
तळ जाड आणि रबर कडक असेल तर चालतील, एक लावून चाचपून बघा. मऊ फोमचा तळ असेल तर स्क्रू धरणार नाही, उगाच बूट खराब करू नका.

गारपाणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. कोपर बरं आहे. कार्बाइडचे आणले, डाव्याला 12 उजव्याला 12, पहिला लावून हात घालून चाचपला तर अंगठ्याखाली बारीक फुगवटा लागला, तो काढून दोन लग सोडून लावला, तिथे रबर जाड निघालं. काल गनपावडरलाच, बंकर हिलला, गुडघाभर पाण्यात उतरलो, काठी सोबत. पहिल्या गोट्यावर पाय ठेवला तेव्हा खालून बारीक कर्र असा आवाज आला आणि पाय जिथे ठेवला तिथेच राहिला. दोन तास पाण्यात होतो, एकदाच टाच हलली. रात्री बूट मिठाच्या पाण्यात घासून बाल्कनीत उलटे टांगलेत. बायकोने तळ उलटा करून एकेक स्क्रू बोटाने हलवून बघितला, मग म्हणाली पुढच्या रविवारी जा.