फिल्टर बदलल्यापासून बोलेरो दोन मिनिटांत बंद पडते, डिझेलच्या लाइनीत एअर कुठून घेऊन राहिली?

दारव्ह्याकडचा
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची बोलेरो, कॉमनरेल इंजिन, म्हणजे एकाच मोठ्या दाबाच्या पाइपातून सगळ्या सिलिंडरांना डिझेल देणारं. आठ दिवसांपासून डॅशबोर्डवर डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा लागत होता. पेरणीच्या वेळेस ट्रॅक्टरसाठी आणलेलं डिझेल कोठ्यात कॅनमध्ये होतं, झाकण नीट लागलेलं नव्हतं, आणि त्यातलं दहा लिटर मीच गाडीत ओतलं. फिल्टरच्या बुडातून काचेच्या बाटलीत काढून पाहिलं तर खाली दोन बोटं पाणी, वर डिझेल आणि मधात काळपट, शेवाळासारखा थर. म्हणून फिल्टरच बदलायला घेतला.

यवतमाळहून नवीन आणला. जुना खोलला, त्याच्या बुडाचा पाण्याचा सेन्सर काढून नव्याला लावला, फिल्टर हातानेच कसला. फिल्टरच्या वरचा, हाताने दाबून डिझेल भरायचा हातपंप कडक होईपर्यंत मारला. चार-पाच सेल्फमध्ये गाडी चालू झाली, दोन मिनिटं चांगली चालली आणि घरघर करून बंद. पुन्हा हातपंप, पुन्हा तेच. रात्री कडक करून ठेवलेला हातपंप सकाळी पोकळ. बाहेर डिझेलचा थेंब नाही, सगळीकडे धुडकं फिरवून पाहिलं, कोरडं निघालं.

शुक्रवारी आईला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं आहे. गावातला एक जण म्हणतो, नोजलचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे) नट सैल करून सेल्फ मार, एअर निघून जाईल. करू का?

पुसदवाला
फिल्टर डिझेलने भरून लावला होता की रिकामाच? मी तर मधल्या भोकातून काठोकाठ भरतो, एका सेल्फात गाडी उठते.

जुना मिस्त्री, वणी
भाऊ, पहिले हात थांबवा. नोजलचे नट खोलू नका. तो जुन्या इंजिनचा इलाज आहे, ट्रॅक्टरवर अन् जुन्या जीपवर आम्ही जिंदगीभर तेच केलं. कॉमनरेल चालू असली की पाइपात शेकडो बार दाब राहते, जोर लागला त हजाराच्या वर जाते. तुमच्या टायरात दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून समजा. ती धार इतकी बारीक की दिसत नाही अन् कातडी फाडून अंदर जाते. सुई टोचल्यासारखं वाटते, माणूस लक्ष देत नाही, अन् मग हात सुजून ऑपरेशनची पाळी येते. कोणाले असं झालंच त जखम लहान आहे म्हणून घरी थांबू नका, त्याच घडीले दवाखान्यात जाऊन डिझेल अंगात गेलं असं साफ सांगा.

आता तुमची गाडी. थेंब पडत नाही म्हणून लीक नाही, असं तुम्ही धरलं. मले त त्याच्यावरूनच शंका येते. टाकी खाली, फिल्टर वर. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसला त इंजिनचा पंपच डिझेल ओढून घेते. ओढीच्या बाजूले बारीकशी जागा असली त तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा अंदर जाते. गाडी उभी राहिली की त्याच जागेतून हवा शिरते अन् डिझेल उतरून टाकीत वापस जाते. सकाळचा पोकळ हातपंप त्याच्यामुळेच. चावी नुसती ऑन करा अन् टाकीजवळ कान लावा. गुणगुण आली त अंदर पंप आहे, मग वेगळा विचार करू.

हातपंप मारता तेव्हा मात्र दाब अंदरून बाहेर असते. म्हणून असं करा. फिल्टर कोरडा पुसा, त्याच्या डोक्याखाली अन् बुडाले वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा, अन् पोराले हातपंप मारायले लावा. धुडक्यावर कळत नाही ते कागदावर कळते, डिझेलचा तेलकट डाग लपत नाही. डाग वरच्या बाजूले आला त जुन्या फिल्टरची रबरी रिंग डोक्याले चिकटून राहिली असन अन् त्याच्यावर नवी बसली असन. बुडाले आला त सेन्सरची रिंग. ती नवी टाकली होती का?

अन् सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मधात दोन मिनिटं थांबा. नाही त एअर राहील बाजूले, सेल्फच जाईल.

दारव्ह्याकडचा
चावी ऑन केली, टाकीजवळ काहीच आवाज नाही. कागदाची युक्ती आजच संध्याकाळी केली. वरचा कागद कोरडा. बुडाच्या कागदावर पंचविसाव्या-तिसाव्या दाबाला रुपयाएवढा डाग आला, सेन्सरच्या अगदी खाली.

सेन्सर काढला. जुनी रिंग एका बाजूने चपटी झालेली, आणि वाकवून उजेडात धरली तेव्हा नखाएवढी चीर दिसली. नवीन रिंग फिल्टरच्या खोक्यातच होती, बारीक प्लॅस्टिकच्या पुडीत. मी ती जास्तीची समजून डब्यात टाकून दिली होती. तीच डिझेलमध्ये बुडवून बसवली, सेन्सर हातानेच कसला. हातपंप चाळीसेक वेळा मारल्यावर दगडासारखा झाला. दुसऱ्या सेल्फला गाडी चालू, वीस मिनिटं उभ्यानेच चालवली, एकदाही मिसिंग नाही. आता सकाळी हातपंप पाहतो.

जुना मिस्त्री, वणी
पुसदवाले भाऊ, भरून लावा, पण मधल्या भोकातून नाही. बहुतेक फिल्टरात बाहेरच्या बारीक भोकांतून डिझेल येते अन् गाळून मधल्यातून इंजिनकडे जाते. मधातून भरलं म्हणजे कॅनमधला कचरा न गाळता सरळ पंपात अन् नोजलात गेला. बाहेरच्या भोकांतून सावकाश भरा, वेळ लागते. तुमच्या गाडीत हातपंप असन त रिकामा लावून हातपंपानेच भरलेला सगळ्यात चांगला.

दारव्ह्याकडचा
सकाळी साडेपाचला पाहिलं, हातपंप रात्रीसारखाच कडक. पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. आईला यवतमाळला नेऊन आणलं. मिस्त्रीकाका, तुमचे फार आभार, ते नट मी त्याच रात्री खोलणार होतो.

एकच विचारायचं राहिलं. जाता-येता दिवा लागला नाही, पण टाकीत अजून पाणी असेल का?

जुना मिस्त्री, वणी
असन. पाणी जड, ते टाकीच्या बुडाशी बसते, अन् चढावर-खड्ड्यात हललं की थोडं थोडं फिल्टरात येते. कॉमनरेलच्या पंपाले डिझेलचंच वंगण आहे, पाण्याचं नाही, म्हणून हे टाळू नका. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा, टाकीच्या बुडाले ड्रेनचा बोल्ट असला त सकाळी न हलवता खोला अन् बाटलीत साफ डिझेल दिसेपर्यंत काढा. बोल्ट नसला त टाकी उतरवा. जवळ बिडी-काडी नको. अन् ते निघालेलं पाणी विहिरीच्या बाजूले ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याले द्या, तो जळक्या ऑइलसंग देऊन टाकते. पुढचा एक महिना दर रविवारी फिल्टरच्या बुडातून थोडं बाटलीत काढून पाहत जा.