उन्हाळ्यात लांब पळताना पाण्याचं काय करता?

मार्च सरला की नाशिकच्या गंगापूर रोडला पहाटे साडेपाचला सुरुवात करूनही सोमेश्वर येईपर्यंत बनियन पिळून घ्यावं लागतं. परवा अठराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला, रिक्षाने घरी आलो. पाणी तर लिटरभर प्यायलो होतो. स्वतःवर बेतलेलं लिहा, ऐकीव नको.

*

काटा वापरा. मी पळायच्या आधी आणि नंतर, ओले कपडे काढून, वजन करते. एप्रिलमध्ये त्र्यंबक रोडला दीड तास पळाले, ५४.२ ची ५२.९ झाले. वाटेत अर्धा लिटर प्यायलेलं. म्हणजे घाम १.८ लिटर, तासाला १.२. डिसेंबरात निम्मासुद्धा जात नाही. दोन टक्के घट मला चालते. त्या दिवशी त्याहून जास्त झाली आणि शेवटी डोकं ठणकलं.

*

माझं उलटंच झालं. पहिली फुल मॅरेथॉन, ऊन, आणि "पाणी कमी पडू देऊ नको" हे घरच्यांचं पालुपद. दिसेल त्या टेबलावर दोन पेले. साडेपाच तासांनी पोहोचलो तेव्हा बोटं सुजून अंगठी रुतलेली, मळमळ, धड बोलताही येईना. लोक म्हणाले, "अजून पाणी पाजा!" नशीब, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासलं: जास्तीच्या पाण्याने रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) पातळ होऊन १२६ वर आलेलं. किमान १३५ हवं. वजनही सुरुवातीपेक्षा किलोभर जास्त भरलं. नंतर वाचलं, २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांचं सोडियम असंच उतरलेलं होतं. आता तहान लागली तरच पितो.

*

लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा. बाकी गोड डबे नकोत.

*

आमच्या शाळेतले पीटीचे सर पळताना पाणी पिऊच द्यायचे नाहीत, म्हणे पोटात दुखतं. दोन पोरं मैदानात आडवी झाली तेव्हा कुठे हौदावर सोडलं. अजूनही श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालो की मी आधी पाण्याची जागा बघून ठेवतो.

*

ताई, काका, सगळ्यांचे आभार. रविवारी गंगापूर धरणापर्यंत जातोय, लिंबूपाणी घेऊन. काटा आईचा आणलाय. तिने आधी स्वतःचं वजन केलं आणि आता काटाच बिघडलाय म्हणतेय.